जुन्या बंदुकांची ठिगळे आणि आमचा उजळण्याचा हव्यास

जुनी वस्तू हाती आली की ती आधी घासूनपुसून नवी करावयाची आणि मग तिच्या जुनेपणाचा अभिमान मिरवावयाचा, असा एक चमत्कारिक रोग आमच्या समाजास जडला आहे. देवळाच्या काळ्या पाषाणावर तैलरंग फासणारे विश्वस्त, वाड्याच्या सागवानी तुळयांस चकचकीत रोगण चढविणारे वारसदार आणि गडाच्या तटाची पडझड सिमेंटाने लिंपणारे उत्साही दुर्गप्रेमी हे सारे त्याच रोगाचे रोगी होत. त्यांच्यावर थोडेबहुत कोरडे यापूर्वी ओढले गेले आहेत. परंतु त्याच जातीचा एक रोगी अद्याप टीकेच्या तावडीतून सुटलेला आहे, आणि तो म्हणजे जुन्या लष्करी बंदुकीचा धनी. बंदुकीचे लाकूड म्हणजे जणू दिवाणखान्यातील खुर्ची, अशा समजुतीने हा गृहस्थ तिच्या दस्त्यावर काचकागद चालवितो, त्यावरील ठिगळे काढवितो, खिळे उपटवितो, भेगा भरवितो, वरून लाखेच्या पॉलिशाचे चार हात देववितो आणि शेवटी 'पाहा, कशी मूळच्यासारखी दिसते!' असे म्हणून पाहुण्यांची वाहवा मिळवितो. आमचे म्हणणे असे की, या गृहस्थाने बंदुकीची सेवा केली नसून तिची जबानी बंद केली आहे.

आम्ही हे विशेषेकरून पेण आणि रोहे या बाजूंस अनुलक्षून लिहीत आहो. ज्या कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले, त्यातील हे दोन तालुके. एकीकडे धरमतरची खाडी, दुसरीकडे कुंडलिका. पाठीशी सह्याद्रीचे फाटे. आणि पाऊस म्हणाल तर शंभर इंचांहून अधिक. अशा हवेत लाकूड दरसाल फुगते व दरसाल आकसते. शेताच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगण्याची चाल कोकणात जुनी आहे. कोणाच्या घरी पूर्वजांच्या नोकरीची आठवण म्हणून, कोणाकडे इनामदारीची खूण म्हणून, तर कोणाकडे केवळ माळ्यावर सापडली म्हणून एखादी निकामी जुनी बंदूक असते. वर्षातून एकदा खंडेनवमीस ती खाली उतरते, आणि तेथेच घात होतो. शस्त्रपूजेपूर्वी शस्त्र स्वच्छ करावे हे शास्त्र खरे. पण स्वच्छ करणे आणि खरवडणे यांतील भेद कळण्यास शास्त्र नव्हे, साधा विवेक लागतो, आणि तो त्या दिवशी बहुधा रजेवर असतो.

आता, बंदुकीच्या लाकडावरील जुन्या दुरुस्तीस आम्ही एवढे महत्त्व का देतो, असा प्रश्न वाचक करतील. त्याचे उत्तर असे. बंदुकीची नळी व कळ ही कारखान्याची भाषा बोलतात. इंग्रजी कळीच्या पट्टीवर मुकुट असतो, 'टॉवर' किंवा 'एन्फील्ड' असे शब्द असतात, साल असते. इच्छापूरच्या रायफलीवर त्या कारखान्याचे नाव व वर्ष ठोकलेले असते. या खुणांवरून वस्तू कोठे व केव्हा जन्मली एवढे कळते. परंतु जन्मानंतर तिचे काय झाले, ती कोणाच्या हाती गेली, कोठे आपटली, कोणी तिला जोडली, किती वर्षे राबविली आणि कोणत्या दारिद्र्यात वा कोणत्या निकडीत राबविली, हे लोखंड सांगत नाही; ते लाकूड सांगते. लोखंडावर राज्यकर्त्यांची मोहोर असते, आणि लाकडावर ज्यांचे नाव कोणत्याही दफ्तरात नाही अशा मिस्त्र्यांचा, सुतारांचा व शिकलगारांचा हात उमटलेला असतो. तो हात पुसून टाकल्यावर मागे जे उरते ते फक्त सरकारी इतिवृत्त!

कागदाच्या बाबतीत हे तत्त्व आम्ही कधीच मान्य केले आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून मोडी कागद जमविले आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेव्हापासून एवढी समज तरी आमच्या सुशिक्षितांस आली आहे की, जुन्या कागदावरील खाडाखोड, मागाहून घातलेली ओळ, फाटल्यावर मागून चिकटविलेला तुकडा, ही सर्व पुराव्याचाच भाग होत. एखाद्या संशोधकाने अशा कागदावरील खाडाखोड खोडून तो 'सुवाच्य' केला तर विद्वान मंडळी त्यास उभा जाळतील. मग तीच मंडळी आपल्या घरच्या बंदुकीवरील पितळी खिळा उपटताना कचरत का नाहीत? कागद तेवढा पुरावा, आणि लाकूड म्हणजे सरपण, असा काही निवाडा कोठे झाला आहे काय?

प्रतिपक्षाची मते आम्ही ऐकली आहेत व त्यांतील प्रमुख चारांचा समाचार घेणे अवश्य आहे.

पहिले मत असे की, भंगलेली व सांधलेली वस्तू अशुभ. ती पूजेत कशी ठेवावी? हे मत पेणेत ऐकू यावे यात नवल नाही. ज्या गावाची कीर्ती गणपतीच्या मूर्तींमुळे सर्वत्र पसरली आहे, तेथे भंगलेल्या मूर्तीविषयीचा संकोच लोकांच्या हाडीमासी खिळलेला असणारच. परंतु मूर्ती व शस्त्र यांची गल्लत करणे हा शुद्ध विचारदोष आहे. मूर्तीची पूजा देवतेचे रूप म्हणून होते. शस्त्राची व हत्यारांची पूजा ती राबतात म्हणून होते. खंडेनवमीस सुतार आपली पटाशी पूजितो ती मुठीवर नवा दांडा बसविलेली असली म्हणून वगळीत नाही. शेतकरी पाचर मारलेला नांगर पूजेतून उठवीत नाही. जे राबते ते मोडते, जे मोडते ते सांधले जाते. बंदुकीलाच तेवढा हा न्याय नाकारावयाचा याला धर्माचा आधार नाही व युक्तीचाही नाही.

दुसरे मत संग्राहकांचे. ते म्हणतात, 'आम्हांस वस्तू मूळ स्वरूपात हवी. दुरुस्ती झाली की मोल उतरले.' ठीक, पण कोणते मूळ स्वरूप? कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवशीचे? तसे स्वरूप फक्त त्या बंदुकीचे राहील जिने कधी काम केले नाही. ली-एन्फील्ड रायफलीचेच उदाहरण घ्या. तिचे लाकूड मुळातच दोन भागांचे असते. मागचा दस्ता वेगळा व नळीखालचे पुढचे लाकूड वेगळे. दस्ताही शिपायाच्या हाताच्या लांबीप्रमाणे आखूड वा लांब बसविता यावा अशी योजना होती आणि त्या मापाचे अक्षर त्यावर ठोकले जाई. ही रायफल कारखान्यात परत जाऊन पुरती उकलली जाई व दुरुस्त होऊन बाहेर पडे, तेव्हा तिच्यावर त्या दुरुस्तीची अक्षरे व साल ठोकण्याची वहिवाट होती. म्हणजे ज्यांनी ती बनविली त्यांनी स्वतःच दुरुस्ती ही लपविण्याची गोष्ट मानली नाही. उलट तिची तारीख घातली! जे लष्कराला लाजिरवाणे वाटले नाही ते संग्राहकाला लाजिरवाणे वाटावे, हा नाजूकपणा कौतुकास्पदच म्हटला पाहिजे.

तिसरे मत अधिक विचारार्ह आहे. 'दुरुस्तीच्या नावाखाली पुष्कळ लबाडी चालते. दोन बंदुकांचे भाग जोडून तिसरी बनते. नवा दस्ता जुन्याच्या भावाने विकला जातो. मग दुरुस्तीचे गोडवे गाणे म्हणजे लबाडांस उत्तेजन देणे नव्हे काय?' आमचे उत्तर असे की, लबाडीवर उतारा म्हणजे दुरुस्ती ओळखण्याची विद्या. दुरुस्ती पुसण्याची खटपट हा तिच्यावरचा उतारा नव्हे. किंबहुना ही खटपट आणि लबाडी या सख्ख्या बहिणी होत. दोघींचा हेतू एकच, की सांधा दिसू नये. जुन्या मिस्त्र्याने सांधा लपविला नाही. त्याला बंदूक चालती करावयाची होती, विकावयाची नव्हती. म्हणून प्रामाणिक दुरुस्ती व कपटी दुरुस्ती यांतील भेद शिकणे हेच खरे काम आहे, आणि ते शिकता येण्याजोगे आहे.

ते कसे, हे थोडक्यात सांगणे आमचे कर्तव्य होय. कारण नुसती निंदा करून उपाय न सांगणे ही टीकाकारांची सवय आम्हांस मान्य नाही.

प्रथम लाकडाच्या रेषा पाहाव्या. लष्करी दस्त्याचे लाकूड बहुधा अक्रोडाचे. त्याच्या रेषा लांबवर वाहत जातात. वाहती रेष एकाएकी तुटून दुसऱ्या दिशेने चालू लागली की तेथे ठिगळ आहे असे समजावे. हे ठिगळ होडीच्या किंवा शंकरपाळ्याच्या आकाराचे असून त्याच्या कडा रेषांना तिरप्या असतील तर ते जाणत्या शस्त्रमिस्त्र्याचे काम होय. कारण लाकडाच्या आडव्या कापाला सरस नीट धरीत नाही, तिरप्या कापाला धरतो, हे त्याला ठाऊक असते. चौकोनी तुकडा बसवून वर खिळे ठोकले असतील तर ते काम गावच्या सुताराचे असण्याचा संभव अधिक. दोन्ही कामे आदरणीयच आहेत. पण दोहोंचा अर्थ निराळा. एकाने सांगितले की बंदूक पलटणीत किंवा पोलिसांत असताना मोडली, आणि दुसऱ्याने सांगितले की ती गावात आल्यावर मोडली.

दुसरी खूण स्पर्शाची. डोळे मिटून बोट फिरवावे. मूळ लाकूड व ठिगळ ही वर्षानुवर्षे वेगवेगळ्या प्रमाणात फुगली-आकसली असल्यामुळे जुन्या सांध्यावर बोटाला सूक्ष्म पायरी लागते. अंधाऱ्या खोलीत दिवा दस्त्याच्या बाजूला, अगदी आडवा धरला की हीच पायरी सावलीच्या रेघेने दिसते. सांधा अगदी सपाट लागला, तर एक तर तो कालपरवाचा, नाही तर वरून खरवडलेला.

तिसरी खूण आमच्या मते सर्वांत मोलाची. दस्त्यावर ठोकलेली अक्षरे व आकडे आणि ठिगळ यांचा संबंध पाहावा. ठिगळाने एखादे अक्षर अर्धे कापले असेल तर अक्षर आधीचे व ठिगळ नंतरचे. अक्षर सांध्यावरून सलग ओलांडून गेले असेल तर ठिगळ आधीचे व अक्षर नंतरचे. उत्खननात मातीच्या थरांवरून जे अनुमान करतात तेच हे. एवढ्या एका निरीक्षणाने सरकारी नोकरीतील दुरुस्ती व खासगी हातातील दुरुस्ती वेगळ्या काढता येतात. आणि काचकागद सर्वांआधी जे नष्ट करतो ते हेच!

चौथी खूण धातूची. लोखंडी खिळा लाकडात फार वर्षे राहिला, त्यातून खाडीकाठची दमट हवा लागली, की लाकडातील तुरट द्रव्य व लोखंड यांच्या संयोगाने खिळ्याभोवती काळे वर्तुळ पडते. खिळा गंजलेला पण भोवतालचे लाकूड स्वच्छ, असे दिसले तर जुना खिळा नव्याने मारला आहे असे समजावे. स्क्रू असल्यास त्याचे टोक व डोके पाहावे. बोथट टोकाचे, हाताने कापलेल्या वाकड्या खाचेचे स्क्रू जुने. टोकदार स्क्रूंचा सर्रास वापर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा. आणि डोक्यावर फुलीची खाच असलेला स्क्रू तर १९३० नंतरच्या दशकाचे अपत्य. अशा फुलीच्या स्क्रूने जोडलेली बंदूक 'अठराशे सत्तावनपासून जशीच्या तशी आहे' असे सांगणाऱ्याने निदान स्क्रू तरी झाकावा.

पाचवी खूण लाकडाच्या जातीची. अक्रोडाच्या दस्त्यात साग किंवा शिसव आढळला की काम आपल्या मुलुखातले. साग त्याच्या स्निग्ध स्पर्शावरून व वासावरून ओळखू येतो. सहावी खूण आजच्या काळातील साधनाची: अतिनील किरणांच्या छोट्या दिव्याखाली जुने लाखेचे पॉलिश नारिंगी झळकते, व प्राण्यांच्या चामड्याहाडांपासून केलेला सरस निळसर-पांढरा. पूर्वीच्या मिस्त्र्याने कोठवर सरस लावला होता, हे त्यावरून रेखाटता येते.

आणि खरवडलेली बंदूक ओळखण्याची खूण? ती सर्वांत सोपी. दस्त्याच्या टोकावरील पितळी वा लोखंडी पट्टी आणि लाकूड ही मूळची एका सपाटीत बसविलेली असतात. लाकूड खाली गेले आणि धातूची कडा वर उभी राहिली, कोपरे साबणासारखे गुळगुळीत झाले, अक्षरे पुसट झाली, की येथे पॉलिशवाल्याचा हात फिरला असे खुशाल समजावे. ती कडा त्याच्यावरची कायमची फिर्याद आहे.

मात्र प्रत्येक खिळा व प्रत्येक बंध म्हणजे दुरुस्ती असे मानणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. तोड्याच्या देशी बंदुकीची नळी लाकडाला तारेने, चामड्याने वा पितळी पट्ट्यांनी आवळलेली असते. ती मूळची बांधणी होय, डागडुजी नव्हे. भारतात वापरल्या गेलेल्या कित्येक ली-एन्फील्ड रायफलींच्या पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू आरपार गेलेला दिसतो. तोही मोडल्याची खूण नसून येथल्या हवेत लाकूड फाटू नये म्हणून घातलेला आधार आहे. काही रायफलींवर पुढे तांब्याच्या तारेचे वेढे दिसतात. नळीच्या तोंडाशी बसविलेल्या पेल्यातून हातगोळे फेकण्यासाठी त्या राखून ठेवल्या होत्या, त्याचा तो कसदार बंदोबस्त. हे न जाणता ज्यांनी असे स्क्रू व अशा तारा 'कोणा अडाण्याने लावल्या' म्हणून काढून टाकल्या, ते अडाणी कोण हे वाचकांनीच ठरवावे. याउलट दस्त्याच्या बारीक गळ्याशी, जेथे लाकूड वाकते व रेषा तुटतात, तेथे पितळेचा पत्रा किंवा कच्च्या चामड्याची शिवण दिसली तर ती खरी दुरुस्ती; कारण बार उडताना बसणारा धक्का तेथेच लाकूड फोडतो, आणि ओले शिवलेले चामडे वाळताना इतके आवळते की सरसाची गरजच उरत नाही. आमच्या पावसात सरस सुटतो, चामडे निदान काही काळ टिकते, व तार त्याहून अधिक. दुरुस्तीची ही निवडसुद्धा हवेचा इतिहास सांगते.

आता चौथे मत, जे अभिमानाच्या सुरात मांडले जाते. 'ही शस्त्रे परक्या सत्तेची. त्यांच्या ठिगळांचे कौतुक कशाला?' हे म्हणणारे बहुधा तेच असतात, जे घरच्या प्रत्येक बंदुकीचा संबंध कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराशी किंवा वासुदेव बळवंतांच्या बंडाशी लावतात. कान्होजी १७२९ साली वारले. टोपीच्या कळीची बंदूक ब्रिटिश सैन्यात रूढ झाली ती १८४० च्या सुमारास. तेव्हा टोपीची कळ असलेली बंदूक कान्होजींच्या गलबतावर मुळात असूच शकत नाही, याला इलाज नाही. वासुदेव बळवंत फडके हे शेजारच्या शिरढोणचे, १८४५ साली जन्मलेले. त्यांच्या १८७९ च्या उठावाची खरी करुण कथा हीच की शस्त्रे पुरेशी नव्हती. १८७८ चा शस्त्रकायदा नुकताच झाला होता व परवान्यावाचून हत्यार बाळगणे हा या देशाच्या रहिवाशाला गुन्हा ठरला होता. सत्तावनानंतर तर देशी पलटणींच्या हाती बाहेरून एन्फील्डसारख्या दिसणाऱ्या, परंतु आतील पेच नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या गेल्या, आणि पुढेही गोऱ्या शिपायाची जुनी झालेली बंदूक काळ्या शिपायास मिळावी असाच क्रम राहिला. अशा उष्ट्या शस्त्रांवर ठिगळांवर ठिगळे चढली यात नवल ते काय? आम्हांस निःशस्त्र कसे केले आणि अर्धसशस्त्र कसे ठेवले, याचा हातात धरता येईल असा पुरावा म्हणजे ही ठिगळे होत. ती घासून टाकणारा स्वाभिमानी गृहस्थ परक्या सत्तेच्याच लज्जेवर पांघरूण घालीत असतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

शिवाय या जिल्ह्याने बंदुकीच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. १९३० च्या सप्टेंबरात, २५ तारखेस, चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या बंदुकांनी आमचीच माणसे पाडली. आणि दसऱ्यानंतर रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा सशस्त्र पोलीस देवाला मानवंदना देतात. ती रीत इंग्रजी अमदानीपासूनची म्हणून सांगतात, व रोहेकरांस तिचा रास्त अभिमान आहे. शस्त्र तेच, पण एकदा आमच्यावर रोखलेले व एकदा आमच्या दैवतापुढे तोललेले. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो. ज्याला तो सरळ व गुळगुळीत हवा असतो त्याने बंदुकीवर काचकागद चालविण्यापूर्वीच तो आपल्या बुद्धीवर चालविलेला असतो.

हा प्रश्न निव्वळ हौशी लोकांचा नाही, याची जाणीव देणे अवश्य आहे. .३०३ रायफल आता आमच्या डोळ्यांदेखत अस्तास जात आहे. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांस तोंड देणाऱ्या पोलिसांच्या हाती हीच रायफल होती. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २०२० साली तिला समारंभपूर्वक निरोप दिला. अशा हजारो रायफली भट्टीत जातील, थोड्या संग्रहालयांत जातील. ज्या संग्रहालयांत जातील त्या तरी आपल्या ठिगळांनिशी जाव्यात, की रंगवलेल्या बाहुल्यांप्रमाणे जाव्यात? २००३ साली काठमांडूच्या जुन्या शिलेखान्यातील हजारो बंदुका अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या, आणि दीडशे वर्षांच्या धुळीखालच्या खुणा वाचण्याची संधी अभ्यासकांपेक्षा गिऱ्हाइकांनाच अधिक मिळाली. जे नेपाळात झाले ते येथे होऊ नये असे वाटत असेल तर विचार आजच केला पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. संग्रहालयांनी चिठ्ठीवर बनावटीचे साल लिहिताना दुरुस्तीची एक ओळ लिहावी: ठिगळ कोठे, कोणत्या लाकडाचे, ठशाच्या आधीचे की नंतरचे. दिनकर केळकरांनी पुण्यास दिवे, अडकित्ते व दौती जमवून सामान्य माणसाच्या वापराच्या वस्तूसही इतिहास असतो हे सिद्ध केले. ती दृष्टी शस्त्रांच्या दालनातही यावी. पोलीसखात्याने रायफली मोडीत काढण्यापूर्वी निदान काहींच्या दस्त्यांची छायाचित्रे आडव्या उजेडात काढून ठेवावी. संग्राहकांनी सांधलेल्या लाकडाला कमी मोल देण्याची परदेशी नक्कल सोडावी. आणि घरधन्यांनी कायदा ध्यानात ठेवावा: १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदूक बनविण्याप्रमाणेच ती दुरुस्त करण्याच्या धंद्यासही परवाना लागतो, आणि जे जुने हत्यार दुरुस्तीनेही वा दुरुस्तीवाचूनही चालू शकत नाही त्यालाच काय ती सूट आहे. तेव्हा उगाच मिस्त्री बोलावून 'जरा नीट करून द्या' म्हणणे हा इतिहासाचा गुन्हा तर आहेच, प्रसंगी तो सरकारचाही होऊ शकतो.

आम्ही बंदुका गंजू द्या, वाळवीला खाऊ द्या असे म्हणत नाही. लाकडाला भुंगा लागला असेल तर जाणकारास दाखवावा. कोरडी जागा, मऊ फडका, धातूला तेलाचा हलका हात, लाकडाला पातळ मेण, एवढ्यात खंडेनवमी यथासांग पार पडते. रंधा, काचकागद व लाखेचा डबा ही मात्र त्या दिवशी दुसऱ्या खोलीत असावी. आणि पूजा झाल्यावर एका कागदावर लिहून ठेवावे की ही बंदूक कोणाकडून आली, तिच्यावर ठिगळे किती, खिळे कोणते. घरातील वृद्धांस काही आठवत असेल तर तेही. हा कागद नातवंडांस बंदुकीहूनही अधिक उपयोगी पडेल.

ज्या सुताराने पावसाळ्याच्या तोंडावर, फुटलेल्या दस्त्यात सागाची पाचर बसवून ती पितळी तारेने आवळली, त्याचे नाव आम्हांस कळणार नाही. त्याने सही केली नाही, साल घातले नाही. त्याची पाचर हीच त्याची सही. ती ज्या घरात अजून शाबूत आहे त्या घराने आपण भाग्यवान आहो असे समजावे. आणि ज्याच्या हातात या घटकेस काचकागद असेल त्याने तो खाली ठेवावा, एवढेच आमचे मागणे आहे.